नमुना घेणाऱ्याची सही

आधी मॅडमचं सांगतो, मग काय झालं ते सांगतो. उलटं सांगायला गेलो तर माझंच रडगाणं होईल आणि त्या कुठेतरी कोपऱ्यात राहतील. तसं नको.

परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमची पाणी तपासायची लॅब आहे. खिडकीतून समोर काचेचा टॉवर दिसतो. तो उभा आहे तिथे पूर्वी गिरणी होती. मॅडम या लॅबमध्ये केमिस्ट. मी सात वर्षांपूर्वी तिथे बाटल्या धुवायला लागलो. शाळा नववीतच सोडलेली, गाव सोलापूरच्याही पलीकडे, आणि मुंबईत ओळखीचं म्हणजे शीव कोळीवाड्यात एका खोलीत राहणारे गावाकडचे चौघे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून ब्युरेट फुटली. ब्युरेट म्हणजे थेंब थेंब मोजून सोडायची काचेची लांब नळी, खाली तोटी असलेली. मी काचा गोळा करत होतो आणि मनातल्या मनात पिशवी भरत होतो. मॅडम आल्या. त्यांनी आधी माझे तळवे उघडून बघितले, कापलं नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "तोटीकडून धरायची नसते रे, मधोमध धर." दुसऱ्या दिवशी त्यांनी तशीच दुसरी ब्युरेट माझ्याच हातात धुवायला दिली.

मला वाटतं, तेवढ्यावरच मी मुंबईत टिकलो.

पुढचं सगळं त्यांनीच शिकवलं. बाटल्यांवरचं इंग्रजी वाचायला, तराजू शून्यावर आणायला, आणि मग बाहेर जाऊन नमुना भरायला. सोसायट्यांच्या टाक्या, हॉस्पिटलच्या टाक्या, कारखान्यांचे नाले. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची, आत बुडबुडा ठेवायचा नाही. झाकण लावून उलटी धरून बघायची. बर्फात ठेवायची. आणि फॉर्म लिहायचा. ठिकाण, वेळ, आणि सगळ्यात खाली ‘नमुना घेणारा’, त्याच्यापुढे सही.

पहिला फॉर्म भरला तेव्हा मॅडमनी त्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं. म्हणाल्या, "ही सही माझ्या सहीपेक्षा मोठी. बाटलीत काय आहे ते मी सांगते. ते कुठून आलं ते तू सांगतोस. जो पाण्यापाशी उभा होता, त्यानेच करायची. दुसऱ्या कुणी नाही."

मी मान हलवली. मला त्या वेळी त्यातलं एवढंच कळलं की आपल्या सहीला काही किंमत आहे. आमच्या घरात आई अंगठा लावते, आणि वडिलांची सही गावच्या कर्ज सोसायटीच्या कागदावरून पुढे कधी गेलीच नाही. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं की मी सही करतो. गावात त्याचं झालं, मी साहेब झालो. पुढे कुणीतरी ‘पाण्याचा डॉक्टर’ म्हणायला लागलं. सुटीला गेलो की पोरंटोरंच नाही, म्हातारी माणसंही तसंच हाक मारायची, अर्धी चेष्टेत आणि अर्धी खरी. मी कधी दुरुस्त केलं नाही. सकाळी साठ-सत्तर बाटल्या धुतो हे कुणाला सांगितलं नाही.

आता गावाचं. आमच्या नदीला वरच्या अंगाला एक कापड रंगवायची मिल आहे. मी लहान असताना आली. तिचं पाणी पाइपातून नदीत येतं. उन्हाळ्यात नदीला दुसरं पाणीच नसतं, तेव्हा पात्रात जे वाहतं ते मिलचंच. कधी वांगी रंगाचं, कधी काळपट हिरवं, वर साबणासारखा फेस. गावाची विहीर नदीच्या काठाला आहे, आणि जमिनीला काय, ती आतून पाझरू देते. विहिरीचं पाणी फिक्क्या चहासारखं दिसतं. भांड्याला कडेने रंगाची रेघ बसते ती राखेने घासली तरी जात नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी बायकांनी तालुक्याला जाऊन हंडे मांडले, तेव्हा टँकर सुरू झाला. या उन्हाळ्यात नवे अधिकारी आले. ते वाईट बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, टँकर सगळ्याच गावांना हवेत, विहिरीला पाणी असताना तुम्हाला का द्यायचा ते कागदावर दाखवा. मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट आणा. पाणी पिण्यालायक नाही असं लिहून आणा, टँकर चालू राहील. गावाने एका तोंडाने माझं नाव घेतलं. लॅबमध्ये आपलाच माणूस आहे.

मी मॅडमना विचारायला तीन दिवस लावले. रोज त्यांच्या टेबलापाशी जायचो आणि काहीतरी दुसरंच विचारून परत यायचो. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "काय आहे ते बोल एकदा." मी सांगितलं. त्या लॅबच्या साहेबांकडे गेल्या आणि पाच मिनिटांनी बाहेर आल्या. गावाच्या नावाने नमुना घ्यायचा, सगळ्या तपासण्या करायच्या, ठरलं. मला म्हणाल्या, "रविवारी सकाळी स्वतः जाऊन भर. सोमवारी आण. सोमवारी दुपारी मी लावते."

मी गेलो नाही.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून चटकन लिहून टाकतो. त्या आठवड्यात आम्हा कंत्राटी माणसांची नवी यादी लागणार होती. सुपरवायझर कुणाला तरी म्हणाला होता, सोमवारी सकाळी जो हजर नसेल त्याचं तो बघेल. माझ्याबद्दल म्हणाला नव्हता. गंमतीत म्हणाला असेल. पण माझं डोकं तसं चालतं. बस पंक्चर झाली तर, रस्ता अडला तर, नऊला पोचायचं ते अकराला पोचलो तर. मॅडमनी रजेचं बोलून ठेवलं असतं, मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी आईला फोन केला. घरात लॅबची धुतलेली बाटली होतीच, मागे गेलो तेव्हा ठेवली होती. आईला सगळं समजावलं. तीनदा विसळ, काठोकाठ भर, बुडबुडा नको, झाकण घट्ट, बर्फाच्या डब्यात ठेव, फाट्यावर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दे. तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिने न चुकता म्हटलं.

सोमवारी सकाळी दादरला पुलाखाली ट्रॅव्हल्सवाल्याकडून डबा घेतला. बर्फ अजून होता. बाटली काढून बघितली. पाणी स्वच्छ वाटलं. नको इतकं स्वच्छ. मला वाटलं मिल दोन-चार दिवस बंद असेल, किंवा सकाळचा उजेडच तसा असेल. पाठीवर कपड्यांची पिशवी मुद्दाम घेतली होती, प्रवासातून आल्यासारखं दिसावं म्हणून. तसाच परळला गेलो. मॅडमनी डबा घेतला आणि विचारलं, "बसमध्ये झोप लागली का?"

मी म्हटलं, लागली.

फॉर्मवर मी लिहिलं: रविवार, सकाळी सात. नमुना घेणारा: सही.

लालबागला तेव्हा मिरच्यांचे दिवस होते. एप्रिल-मेमध्ये सगळी मुंबई तिथे मसाला कुटायला येते आणि कुटायच्या यंत्रांची, डंकांची, धूळ वाऱ्याबरोबर परळपर्यंत पोचते. लॅबच्या खिडक्या बंद होत्या तरी मॅडम शिंकत होत्या. शिंकत शिंकत त्यांनी एकेक तपासणी लावली. रंग कमी. गढूळपणा कमी. जड धातू, ज्याची मला खात्री होती, तोही मर्यादेच्या खाली. क्षार जास्त होते, पण दुसरं पाणी नसेल तर चालवून घेतात इतपत. फक्त सल्फेटच्या नळीत पांढरं दाट झालं, दुधाचा थेंब सोडावा तसं. मॅडमनी नळी उजेडाकडे धरली.

"विहिरीत तुरटी टाकतात का रे तुमच्याकडे? सल्फेट तिच्यात असतं."

"नाही मॅडम."

"नक्की? तू भरलंस तेव्हा कुणी काही टाकलं नव्हतं?"

"थेट विहिरीतून भरलं," मी म्हटलं.

मी जिथे नव्हतोच, तिथली साक्ष मी इतक्या ठाम आवाजात दिली. त्यांनी ती मानली. नळी खाली ठेवली आणि आकडा लिहिला. तीन दिवसांनी रिपोर्ट निघाला. पिण्यायोग्य, मर्यादेच्या आत. खाली मॅडमची सही, निळ्या शाईत, त्यांची नेहमीची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली.

रिपोर्ट गावाला गेला. टँकर पुढच्या सोमवारपासून बंद झाला. टँकर ज्या गावाला वळवला तेही आमच्यासारखंच गाव होतं, त्यांनी तर आनंद मानला असेल. सरपंचांचा मला फोन आला. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, आता मुंबईची लॅबच चांगलं म्हणते म्हटल्यावर आम्ही काय बोलायचं डॉक्टर. ‘डॉक्टर’ म्हणताना या वेळी चेष्टा नव्हती.

मी जेवणाचा डबा तसाच परत नेऊ लागलो. मॅडमच्या लक्षात आलं. त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं.

लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. मी आधी दोन-तीनदा गेलो होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मॅडमच्या डिग्रीचा फोटो, आणि खिडकीशी खुर्चीत त्यांचे वडील. मी त्यांना बाबा म्हणतो. बाबा गिरणीच्या रंगखात्यात होते, गिरणी बंद पडेपर्यंत. त्यांच्या नखांच्या मुळाशी अजून निळं आहे, निदान मला तरी दिसतं. त्या दिवशी जमिनीवर धोतराचं जुनं फडकं पसरून मॅडम मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मलाही बसवलं. बाबा गिरणीच्या गोष्टी सांगत होते. गिरणीच्या मागच्या नाल्याचा रंग बघून रंगखात्याबाहेरच्या माणसालाही कळायचं, आज कुठल्या साडीचा लॉट चाललाय.

"आणि आम्हाला त्याची मजा वाटायची," ते म्हणाले. "नाला कुठं जातो ते एकानं विचारलं नाही. मीही नाही. संपात सगळं विचारलं, पगार विचारला, बोनस विचारला. पाणी कुठं जातं, ते नाही."

मग त्यांनी माझ्या गावाच्या पाण्याचं विचारलं. मॅडमनी सांगितलं, रिपोर्ट कसा आला, आणि सल्फेट कसं उगाच वर दिसलं. बाबांनी हातातली मिरची खाली ठेवली.

"तुरटी," ते म्हणाले.

"विचारलं मी. नाही म्हणतो."

"विहिरीत नसेल. हंड्यात असेल. अगं, तुरटी रंग धरते. कापडात धरते तशी पाण्यातही धरते, आणि घेऊन तळाला बसते. वरचं पाणी काचेसारखं." ते माझ्याकडे वळले. "पाणी कुणी भरलं?"

 हाताला मिरचीची आग होत होती, ती मी फडक्याला पुसत राहिलो. शेवटी उठलो आणि गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. गॅलरीत शेजारच्यांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यामुळे कडेला एका पायावर उभं राहावं लागलं.

आई खुशीत होती. मी विचारलं, बाटली भरली तेव्हा पाणी कसं घेतलं होतंस. ती म्हणाली, "आरं, तसंच घाण पाणी तुझ्या मॅडमच्या हातात द्यायचं व्हय? आदल्या दिवशीच हंडा भरून आणला, तुरटी फिरवली, रातभर निवळू दिलं. वरचं वरचं घेतलं, दुपदरी फडक्यानं गाळलं न् मग भरलं. तू तीनदा इसळ म्हनलास, मी पाचदा इसळली."

मी तिला सगळं सांगितलं होतं, फक्त हे सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही. पाण्यातून होणाऱ्या नारूच्या साथी होत्या तेव्हापासून आमच्या गावात पाणी दुपदरी फडक्याने गाळतात, आणि मिल आल्यापासून तुरटी फिरवतात. न गाळलेलं पाणी कुणाला देणं म्हणजे त्याचा अपमान. पाहुण्याला नाही, भिकाऱ्यालाही नाही. मग मुंबईच्या मॅडमला कसं द्यायचं? मिलने पाइपाच्या तोंडाशी जे करायचं असतं, ज्यासाठी तिथे मोठाल्या टाक्या बांधून वर पाटी लावली आहे, ते माझ्या आईने एका हंड्यात केलं होतं. आणि तिचं चांगलं झालं म्हणून गावाचं वाईट झालं.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाली, "आता नाही फिरवत तुरटी. सोडून दिली. मुंबईच्या मशिनीनं पास केलंय म्हनल्यावर कशाला उगा? तसंच भरतो आता समदी जनं."



"आई, तुरटी फिरवत जा. समद्यांना सांग."

"का रं? तुझं मशीन खोटं व्हय?"

"मशीन खरं हाय. पण त्यात गेलेलं पाणी तुझं होतं. विहिरीचं नव्हतं."

तिच्या मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजे माज्यामुळं टँकर गेला?"

मी म्हटलं, नाही, माझ्या सहीमुळं गेला. तिला सहीचं काही कळलं नसणार. तिने ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. तुरटीने सगळं जात नाही, क्षार तर मुळीच जात नाहीत, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. अजूनही नाही सांगितलं.

आत आलो. मॅडमनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना उरलेलंही कळलं. त्यांचे हात मिरच्यांवर तसेच थांबले.

"तू गेलाच नव्हतास."

"नाही."

"मग मी कशावर सही केली?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने तेच बोलले, माझ्याकडे न बघता. म्हणाले, "तळ्याच्या पाण्यासाठी आमच्या माणसांनी काय काय केलं ते शाळेत शिकवलं असेल तुला."

"शाळा अर्धी सोडली बाबा."

"मग हितनं शीक."

मॅडम उठल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. मिरची जाईना. मग म्हणाल्या की उद्या मी रजा टाकायची, साहेबांशी त्या बोलतील, आणि या वेळी मी जायचं. नदीतून एक, विहिरीतून एक. आणि मी स्वतः तिथे उभं राहायचं. दारापर्यंत आल्या आणि मी चप्पल घालत असताना हळूच म्हणाल्या, "जेवून जा." मी जेवलो. मला कुणी जेवू घातलं की मी त्या वेळी रागावूही शकत नाही, स्वतःवरसुद्धा.

गेलो. नदीत पाइपाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभा राहून बाटली भरली. पाणी कोमट होतं. मे महिन्यात नदीचं पाणी वरून तापतं, हे खालून, पायांकडून तापलेलं होतं. रंग जांभळा. तीनदा विसळताना बोटांना जो रंग लागला तो परत येईपर्यंत होता. विहिरीवर आई बरोबर आली होती. मी पोहरा काढून थेट बाटलीत ओतलं तेव्हा तिचा हात सवयीने पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने पदर मुठीत धरून ठेवला. बाजूच्या बायका आमच्याकडे बघत होत्या, त्यांतली एक म्हणाली, डॉक्टर, आता कुणाचं पाणी तपासताय, आमचं का तुमच्या आईचं? बाकीच्या हसल्या. आईच्या हंड्याची गोष्ट गावभर पोचली होती तर.

दुसरा रिपोर्ट आला तो व्हायला हवा होता तसा आला. एकेक आकडा मर्यादेच्या वर. मॅडमनी दोनदा लावून बघितला. सही केली. मला वाटलं, आता सुटलो.

मी स्वतः तो कागद घेऊन तालुक्याला गेलो. कारकुनाने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. तीच लॅब, तीच विहीर, तीच सही. महिनाही झालेला नाही. "यातला खरा कुठला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दुसरा. "मग पहिला कुणी खोटा दिला?" त्याचं उत्तर माझ्या तोंडात होतं. मी म्हटलं, काहीतरी गडबड झाली असेल. तो हसला, म्हणाला की मग या वेळी झाली नाही कशावरून. पाऊस तोंडावर आलाय, पावसाळ्यानंतर बघू, सरकारी लॅबकडे पाठवू. त्याने दोन्ही कागद एकाच फाइलीत टाचले.

ती फाइल मिलपर्यंत कशी गेली ते मला माहीत नाही. पंधरा दिवसांत मिलच्या माणसाचं आमच्या लॅबला पत्र आलं, अतिशय सभ्य. एकाच विहिरीचे दोन विरुद्ध अहवाल आपल्या संस्थेने दिले आहेत, आपल्या कामाच्या पद्धतीबद्दल खुलासा करावा, अन्यथा मान्यता देणाऱ्यांकडे कळवावे लागेल. साहेबांची झोप उडाली. चूक त्यांची नव्हती. लॅबची मान्यता गेली तर वीस घरं बसतात, त्यांतलं एक माझंच.

मॅडमना आत बोलावलं. दार काचेचं आहे, आवाज येत नाही. मी बाहेर बाटल्या धूत होतो आणि तीच बाटली पुन्हा पुन्हा धूत होतो. मला वाटत होतं, आता हाक येईल. सांगायला सोपं होतं, मुलगा खोटं बोलला, गेलाच नव्हता, त्याला काढा. एका वाक्याचं काम. पंधरा-वीस मिनिटं झाली. त्या बाहेर आल्या, स्वतःच्या टेबलाशी गेल्या आणि सहीचा शिक्का ड्रॉवरमधून काढून साहेबांकडे देऊन आल्या.

त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर ऑफिसातल्या माणसाकडून कळलं. फॉर्म तपासायची जबाबदारी त्यांची स्वतःची होती, त्यांनी तो नीट तपासला नाही, असं त्यांनी लेखी दिलं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून रिपोर्टवर त्यांची सही होत नाही. त्या तपासतात, आकडे लिहितात, आणि सही दुसरे एक जण करतात, ज्यांना लॅबमध्ये येऊन दोन वर्षं झालीत. त्यांच्या सहीला शेपूट नाही.

मी त्यांना म्हटलं, मी साहेबांना जाऊन खरं सांगतो. त्या म्हणाल्या, "सांगून काय होणार? तू जाशील. माझा शिक्का परत येणार नाही, आणि तुझ्या आईला तुरटी पाठवणारं पण कुणी राहणार नाही. गप काम कर." मग त्यांनी नळी उजेडाकडे धरली आणि पुढचा आकडा सांगितला. मी लिहून घेतला.

पावसाळा गेला. कुणी आलं नाही. नदीला चार महिने आपलं पाणी होतं, तेवढ्यात सगळ्यांना सगळ्याचा विसर पडला. आता परत रंग दिसायला लागलाय, आई सांगते. ती तुरटी फिरवते. अर्ध्या गावाने परत फिरवायला घेतली, अर्ध्याने नाही घेतली. त्यांच्याकडे पहिला रिपोर्ट आहे, एकाने तर तो प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. आईच्या हातांना खाज असते. विचारलं की म्हणते, वयाचं हाय. मला कुणी आता डॉक्टर म्हणत नाही. त्याचं मला बरंच वाटतं.

रोज सकाळी मी मॅडमचं टेबल पुसतो. ड्रॉवर पुसत नाही.

एक पत्र मी लिहून ठेवलं आहे. साध्या वहीच्या कागदावर, चुका असतील. त्यात लिहिलंय की रविवारी सकाळी सात वाजता मी विहिरीवर नव्हतो, शीव कोळीवाड्यात खोलीत होतो, आणि तरी ‘नमुना घेणारा’पुढे सही केली ती माझी आहे, मॅडमचा दोष नाही. ते पत्र महिनाभर माझ्या खिशात फिरतंय. घडीवर फाटायला आलं म्हणून दोनदा नवीन उतरवून काढलं. दोनदा साहेबांच्या काचेच्या दारापर्यंत गेलो आणि दुसरंच काहीतरी विचारून परत आलो. मॅडमनी गप राहा म्हटलंय हे कारण मी स्वतःला सांगतो, पण ते कारण नाही. भीती आहे. जी मला त्या शनिवारी रात्री बसमध्ये चढू देत नव्हती, तीच.

मॅडम, तुम्ही हे वाचलंत तर रागवाल. तुम्ही मला दुसरी ब्युरेट दिलीत, दुसरी बाटली दिलीत, आणि शेवटी माझ्यापायी तुमचा शिक्का दिलात. मी एक दिवस त्या दारातून आत जाणार आहे आणि हे पत्र टेबलावर ठेवणार आहे, आणि या वेळी जिथे सही करीन, तिथे मी उभा असेन.